गोळी सुखी, गाव सुखी

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे आशा कार्यकर्त्यांची बैठक होते, आणि गावात औषधं कशी ठेवायची हे सांगायचं काम माझ्याकडे असतं. मी यादी करून नेते. यादीशिवाय मला बोलता येत नाही. डब्याला घट्ट झाकण, जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर, चुलीपासून दूर, लेकरांच्या हाताबाहेर. ‘कोरड्या जागी ठेवा’ हे कलम छापील पत्रकात सगळ्यात वर असतं. मी ते शेवटी घेते. घेतलं की एकेकीला उभी करून विचारते, तुझ्या घरातली कोरडी जागा कोणती? बैठक त्यामुळे तासभर लांबते. नवीन आलेले डॉक्टर घड्याळ बघतात. बघू देत.

ही पद्धत बोरकरबाबूंमुळे पडली. ते मागच्या पौषात गेले.

मध्यप्रदेशातल्या सरकारी कचेरीत सगळे बाबूच असतात. बोरकर आमच्या आरोग्य केंद्राचे फार्मासिस्ट होते आणि औषधांचं स्टोर त्यांच्या ताब्यात होतं, म्हणून ते स्टोरबाबू. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली आणि आता त्यांच्या खुर्चीवर बसते. आमचा भाग बालाघाट जिल्ह्याच्या लांजीकडच्या टोकाला. गोंदियाची बस दारावरून जाते, खाली धानाचे बांध, वर जंगल. जंगलाकडच्या गावांत मलेरिया घरच्या माणसासारखा येतो-जातो, आणि त्याच्यावरच्या गोळ्या आमच्या स्टोरमधून आशांच्या डब्यात जातात.

मी रुजू झाले तो मे महिना होता. दुपारी दीड वाजता बाबूंनी मला स्टोरमध्ये स्टुलावर बसवलं, पंखा बंद केला आणि दार ओढून घेतलं.

“बस वं बाई. मी बाहीरच आहो.”

“किती वेळ, सर?”

“जेवढा वेळ बसवते तेवढा.”

मी वीस मिनिटांत बाहेर आले. ते व्हरांड्यात सुपारी कातरत होते. घड्याळाकडे बघून म्हणाले, “वीस मिनटं. तू उठून आली. गोळीले पाय नाहीत, बाई. ते पानी येईपर्यंत अथीच बसून राह्यते.” मग सुपारी तोंडात टाकून, “तिले घाम बी येत नाही. म्हनून लोकायले वाटते का तिले काही होतच नाही.”

माझं प्रशिक्षण एवढंच. पुढे बालाघाटला तीन दिवसांचा वर्ग झाला, त्यात पडद्यावर पुष्कळ काही दाखवलं. त्यातलं मला आता काही आठवत नाही.

बाबू उंच होते आणि उंचीची लाज वाटावी तसे वाकून चालत. स्टोरमध्ये शिरले की आधी पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावत, देवाला लावावा तसा. त्या भिंतीला खोकं टेकवलेलं त्यांना चालत नसे. औषधाची मुदत म्हणत नसत, ‘उमर’ म्हणत. “इची उमर दिवाळीवरी. इले पुढं काढ. ते मागची जवान आहे, तिले राहू दे मांगं.” नवीन शिपाई आधी हसायचे, महिनाभरात तेही “बाबूजी, इसकी उमर हो गई” म्हणायला लागायचे. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. कुणी खोकं उन्हात ठेवलं तर बाबू जाऊन स्वतः त्या खोक्याशेजारी उन्हात उभे राहत. कुणीतरी धावत येऊन खोकं उचलेपर्यंत उभे राहत.

स्टोरची खोली टिनाच्या छपराची. वर्षानुवर्षं अर्ज करूनही छप्पर काही बदललं नाही. शेवटी एका उन्हाळ्यात बाबूंनी बांबूच्या तट्ट्यांचं छत ठोकून घेतलं आणि ते आणि टिन यांच्यामधल्या पोकळीत ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणलेलं धानाचं तणस, म्हणजे पेंढा, भरलं. थोड्याच दिवसांत बालाघाटहून एक साहेब तपासणीला आले. वर बघून म्हणाले, “बोरकर, ये दवा भंडार है या गौशाला?”

“सर, पहले बाहर का थर्मामीटर पढ़िए. फिर अंदर का.”

साहेबांनी दोन्ही वाचले. मग आत आले, उभे राहिले, आणि थोड्या वेळानं खुर्ची मागितली. चहा तिथेच मागितला. बाकीची तपासणी तिथेच बसून केली आणि जेवणानंतर अर्धा तास डोळेही तिथेच मिटले. शेरा मात्र नियमानं लिहिला: आगीचा धोका, तणस त्वरित काढावे. जीपमध्ये बसताना हळूच म्हणाले, “बारिश शुरू होने पर निकालना.”

“बरं झालं,” बाबू नंतर मला म्हणाले. “साहेबाले बी घाम येते. गोळीलेच येत नाही.”

एकदा औषधांची गाडी वाटेत बिघडून दोन-तीन दिवस भर उन्हात उभी राहिली. खोकी आली तेव्हा बाबूंनी एका खोक्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि सही करायला नकार दिला. आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी गोळी फोडून दाखवली, पांढरी स्वच्छ. बाबू म्हणाले, “साहेब, दूध नासलं तं फाटते. गोळी नासली तरी अशीच पांढरी राह्यते. तेच तं तिचं वाईट आहे.” खोकी लाल सुतळीनं बांधून वेगळी ठेवली, नमुने तपासणीला पाठवले आणि शेजारच्या विकासखंडातून मोटरसायकलवर उसनी औषधं आणली. नमुन्यांचं उत्तर आलं नाही. त्या गोळ्या सुतळीत बांधलेल्याच म्हाताऱ्या झाल्या.

म्हणजे उष्णतेचं त्यांना कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. ते जितकं त्यांना कळत होतं तितकं जिल्ह्यात कुणाला कळत नसेल. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

स्टोरमधली उष्णता त्यांनी सांभाळली. गावांकडून जी तक्रार यायची ती ओलीची. पावसाळा संपला की आशांचे डबे परत यायचे आणि त्यांत पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या, गोळ्या फुगलेल्या, कुठे बुरशी. बाबूंनी मनावर घेतलं. आमच्या बायका निम्मं हिंदी, निम्मं मराठी बोलतात, आणि हिंदीतली सूखी आणि मराठीतली सुखी त्यांच्या तोंडात एकच होते. बाबूंनी त्यातून एक ओळ बनवली: गोळी सुखी, गाव सुखी. बैठकीत ते अर्धी म्हणत, बायका अर्धी पुरी करत. हसत, टाळ्या देत. एकदोन वर्षांत चिकटलेल्या पट्ट्या यायच्या बंद झाल्या. बाबू परत आलेले डबे उघडून मला दाखवत, “पाह्य. कोरडी ठणठणीत.” त्यांना एवढं खूश मी दुसऱ्या कशानंही पाहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या भादव्यात जंगलाकडच्या एका गावात सरिता नावाची तरुण बाई तापानं गेली. तिथली आशा फुलवंता आमच्या सगळ्यांत नेटकी. तिचं रजिस्टर मी इतरांना नमुना म्हणून दाखवत असे. तिनं पहिल्याच दिवशी तपासणी केली, मलेरिया निघाला, तीन दिवसांच्या गोळ्या स्वतः समोर बसून दिल्या. ताप उतरला नाही. पाचव्या दिवशी सरिता बेशुद्ध पडली. नाल्याला पूर होता. खाटेवर घालून माणसांनी पलीकडे नेली, गाडी मिळाली, पण ती वाटेतच गेली.

गाव म्हणालं, फुलवंतानं गोळ्या दिल्याच नाहीत. सरिताचा नवरा देवराम तिच्या अंगणात उभा राहून नको ते बोलला. बायकांनी तिच्याकडे जाणं सोडलं. डॉक्टरांनी बाबूंना आणि मला औषधाचा हिशेब बघायला पाठवलं.

फुलवंतानं रिकामी पट्टी रजिस्टरच्या त्या पानाला टाचून ठेवली होती. “मी देल्ल्या, बाबूजी. सामने बसून देल्ल्या. तिनं पानी पिलं ते बी पाह्यलं.” रडत नव्हती, रडून झालं होतं.

“मले ठाऊक आहे,” बाबू म्हणाले. “बाकीचं औषध कुठं ठेवतं?”

ती आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेली. चुलीच्या वर, आढ्याला दोरांनी टांगलेला बांबूचा तट्टा होता. आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी असतो. त्यावर मोहाची फुलं, बियाणं, मीठ, काडेपेट्या. चारही महिने ओल न लागणारी घरातली ती एकच जागा. मधोमध, धुतलेल्या फडक्यात बांधलेला, औषधाचा डबा.

“उन्हाळ्यात फडताळात ठेवतो. पानी लागलं का इथं,” ती म्हणाली. “तुमी सांगतलं ना, सुक्यात ठेव म्हनून. एक बी पट्टी चिकटली नाही, पाहा ना. गोळी सुखी, गाव सुखी.”

चूल पेटलेली होती. बाबूंनी डब्याला तळहात लावला आणि बराच वेळ काढला नाही. मीही लावला. भाकरीच्या टोपलीसारखा गरम होता. डबा उघडला. गोळ्या कोरड्या, पांढऱ्या, जशा स्टोरमधून गेल्या तशा.

“तुह्यी काही चूक नाही, बाई,” बाबू म्हणाले.

बाहेर येऊन ते मोटरसायकलवर बसले. मी मागे बसले. गाडी सुरू करायची आहे हे त्यांच्या बराच वेळ लक्षात आलं नाही, आणि आठवण करून द्यायचं मला सुचलं नाही.

अहवाल त्यांनी स्वतः लिहिला. डॉक्टरांनी वाचून खाली ठेवला. “बोरकरजी, साबित क्या होगा? मरीज़ देर से निकला, नाला था, बीमारी बिगड़ चुकी थी. दस कारण हैं. मार्च में आप रिटायर हो रहे हैं, काहे को अपने ऊपर ले रहे हैं?”

“दहा असतील, साहेब. दहातलं एक माह्यं आहे. तेवढं लिहू द्या.”

अहवाल गेला. डब्यातल्या गोळ्याही तपासणीला गेल्या. त्या खरोखर निकामी झाल्या होत्या का, हे आजतागायत कळलेलं नाही. उत्तर आलं नाही. मी प्रत्येक बुधवारी विचारत असे, मग महिन्याला विचारू लागले. अहवालाचा फायदा एवढाच झाला की फुलवंताचं काम गेलं नाही. पण अहवाल बालाघाटच्या फायलीत गेला. गावात कुणी वाचून दाखवला नाही.

पुढच्या बैठकीत बाबू उभे राहिले, आणि कुणीतरी सवयीनं सुरू केलं, “गोळी सुखी.” साऱ्या जणींनी मागून “गाव सुखी” म्हटलं. बाबूंनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, “हे आता बंद करा. मी चुकीचं शिकवलं.” बायकांना वाटलं, थट्टा करतायत. त्या अजूनच हसल्या.

डॉक्टरांनी तोडगा काढला: प्रत्येक आशेनं औषधाच्या जागेचा फोटो मोबाइलवर पाठवावा. चार दिवसांत सगळे फोटो आले. मी गावांच्या नावांनी लावून ठेवले. बाबूंनी ते माझ्या मोबाइलवर एकेक करून पाहिले आणि मोबाइल परत दिला.

“फोटोत गरम दिसत नाही, बाई. मले वाटेनं वाटेनं गावांची यादी करून दे.”

मी दिली. नोकरीचे उरलेले महिने ते रविवारी जात. मार्चनंतर जमेल तेव्हा. त्यांचा श्वास तोवर आखडायला लागला होता, दोन गावं झाली की आठवडाभर घरी बसावं लागे. मग स्टोरमध्ये येऊन सांगत आणि मी यादीवर खूण करत असे. किती घरांत किती तऱ्हेची कोरडी जागा असते ते मला तेव्हा कळलं. चुलीवरचे तट्टे तर होतेच. एकीनं देवाच्या दिव्यामागे ठेवलं होतं. एकीनं टिनाला लागून असलेल्या फळीवर. एकीकडे नवीन फ्रिज, तिनं फ्रिजच्या वर ठेवलं होतं, जिथे हात टेकवत नाही. “आतमंदी दही, वरतं दवाई,” बाबू सांगत. “मी म्हनलं, काहून वं? तं म्हनते, बाबूजी, आतमंदी ओल असते ना.”

प्रत्येक घरात ते जागा स्वतः शोधत. बहुतेक ठिकाणी धानाची कोठी निघे: मातीची, आतून गार आणि कोरडी. डबा धानात खुपसून ठेवायचा. नसेल तिथे दुसरं काही. एकच उत्तर सगळ्यांना देऊन टाकायचं त्यांनी सोडलं होतं.

दोन पावसाळे गेले आणि यादी संपली. मी म्हटलं, “बाबू, झालं.”

“एक राह्यलं.”

मी यादी पुन्हा पाहिली. फुलवंताच्या गावावर पहिल्याच महिन्यात खूण होती.

“तिचं घर नाही म्हनत. देवरामचं.”

गेल्या कार्तिकात त्या बाजूला तपासणीचे किट पोचवायचे होते, तेव्हा मी त्यांना जीपमध्ये घेतलं. वाटेत मी दोनदा पाणी दिलं, दोन्ही वेळा त्यांनी घेतलं.

देवराम अंगणात खाटेचा सुंभ आवळत होता. मला ओळखलं, “बसा, मॅडम” म्हणाला. बाबूंना ओळखलं नाही.

बाबू उभेच राहिले. “देवराम, मी औषधाच्या स्टोरमधला. तवा होतो, आता नाही. तुह्या घरवालीले फुलवंतानं गोळ्या देल्ल्या होत्या. तिन्ही दिवस. मी पट्टी पाह्यली.”

देवरामचा हात सुंभावर थांबला.

“त्या गोळ्या चुलीवर तापून गेल्या असतील. चुलीवर ठेवल्या, कारन मी सुक्यात ठेव म्हनलं. गरमाचं बोललोच नाही. तुले काही म्हनाचं असंल तं मले म्हन. तिले नको म्हनू.”

मला वाटलं होतं, तो अंगावर येईल. मी तेवढ्यासाठी दोन पावलं पुढेही झाले होते.

“म्हंजे तिनं देल्ल्या,” देवराम म्हणाला.

“हौ.”

“समद्या?”

“समद्या.”

“मी तं तिच्या दारात उभा राहून…” तो थांबला. “तिच्या लेकराइच्या सामने.” सुंभ त्यानं सोडून दिला. “माही पोरगी बिमार पडली, तं मी तिच्या दारी नाही गेलो. पोरीले घेऊन लांजीले गेलतो, बसनं. दोन सालं झाले, बाबूजी. येवढे दिवस काहून नाही आले सांगाले?”

बाबूंनी पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. “भ्यालो,” ते म्हणाले.

देवराम आत जाऊन सदरा घालून आला आणि आमच्याकडे न बघता निघाला. फुलवंताचं घर तिथून दिसतं. मध्ये फक्त हातपंप. आम्ही मागून पंपापर्यंत गेलो. बाबू तिथं थांबले. मला म्हणाले, “तू जाय. तुले पुढच्या गावाले उशीर होऊन राह्यला. मी बसनं येतो.” मी जीपमध्ये बसले. त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

ड्रायव्हर गाडी वळवत होता तेवढ्या वेळात जे दिसलं ते एवढंच. देवराम फुलवंताच्या दारात मान खाली घालून उभा होता. तो काय बोलत होता ते ऐकू आलं नाही. फुलवंता दाराची चौकट धरून ऐकत होती. इकडे बाबूंना तोंड धुवायचं होतं. ते दांडा दोन-तीनदा खाली ओढत, मग वाकून धारेपाशी जात. ओंजळ पुढे होईपर्यंत धार तुटलेली असे. पुन्हा दांडा, पुन्हा ओंजळ. फुलवंता देवरामच्या बाजूनं बाहेर पडली, चालत पंपाशी आली, पदर खोचला आणि बाबूंच्या हातातून दांडा घेतला. बाबू वाकले. ती हापसत राहिली.